खिशातलं गाणं : वाचकांचे प्रश्न, दुरुस्तीवाल्याची उत्तरं

छोट्या म्युझिक प्लेअरबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा, असं संपादकांनी मागच्या अंकात छापलं होतं. पत्रं कोल्हापूर शहरातून आली, तशीच शिरोळ, इचलकरंजी, गडहिंग्लजकडूनही आली. लक्ष्मीपुरीतल्या दुकानात मी वॉकमन उघडायला शिकलो. तेव्हापासून खिशात मावणारी जी जी यंत्रं बाजारात आली, त्यातली बहुतेक माझ्या टेबलावर उघडी होऊन गेली आहेत. त्या अनुभवावर लिहितोय. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या आबांचं वय 78. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी नजर अधूच आहे. मोबाइलवर गाणी लावून दिली की मध्येच जाहिरात येते, मध्येच फोन येतो, नाहीतर बोट लागून भलतंच काहीतरी उघडतं. त्यांना अभंग, नाट्यगीतं आणि जुनी भावगीतं लागतात. वेगळा छोटा प्लेअर घ्यावा म्हणते. घेताना काय बघू? – एक वाचक भगिनी, शिवाजी पेठ

उत्तर : जरूर घ्या, ताई. आबांसारख्या माणसासाठी अजूनही वेगळ्या प्लेअरसारखं दुसरं काही नाही, असं माझं ठाम मत आहे. पण दुकानात गेल्यावर किती जीबी, किती गाणी, पडदा केवढा हे आधी विचारू नका. प्लेअर हातात घ्या, डोळे मिटा आणि अंगठ्यानं चालू-बंदचं, पुढच्या गाण्याचं आणि आवाजाचं बटण शोधून बघा. सापडलं तरच पुढचं बोलणं. काचेचा टच पडदा नको. वरून बटणासारखी दिसणारी पण दाबली न जाणारी, नुसत्या स्पर्शानं चालणारी बटणंही नकोत.

स्वस्त प्लेअरमध्ये एक गोष्ट हमखास असते. एकच बटण पटकन दाबलं तर पुढचं गाणं लागतं आणि दाबून धरलं तर आवाज वाढतो. तरुण माणसाला त्याचं काही वाटत नाही. म्हातारपणी बोट उचलायला अर्धा सेकंद उशीर होतो, मग गाणं बदलायला जावं तर आवाज कानात घुसतो. म्हाताऱ्या माणसांनी प्लेअर टाकून दिला की घरचे म्हणतात, 'त्यांना जमत नाही.' दोष त्या बटणाचा असतो. आवाजाची बटणं वेगळी आहेत ना, एवढं नक्की बघा.

दुसरं म्हणजे प्लेअर बंद करून चालू केला की जिथं थांबला होता तिथूनच पुढं लागला पाहिजे. कीर्तन, प्रवचन तासाभराचं असतं. आबांना मध्ये डुलकी लागली आणि उठल्यावर सगळं पहिल्यापासून सुरू झालं, तर ते ऐकणंच सोडून देतील. हे दुकानातच करून बघा.

तिसरं चार्जिंगचं भोक. टाइप-सी असेल तर पिन उलटी-सुलटी कशीही बसते. जुन्या मायक्रो यूएसबीत एकाच बाजूनं बसते. थरथरत्या हातानं ती उलटी रेटली की आतली पट्टी वाकते. माझ्याकडे येणाऱ्या प्लेअरमध्ये सगळ्यात जास्त वेळा तुटलेलं असतं ते हेच.

सारेगामाचा कारवां 2017 साली आला आणि घराघरांत गेला. जुन्या रेडिओसारखं गोल बटण फिरवायचं, आत पाच हजार गाणी भरलेली. देवघराजवळ नाहीतर कॉटशेजारी ठेवायला चांगला आहे. पण गाणी त्यांनी निवडलेली. तुमच्या आबांना कुणाचा कुठला अभंग लागतो हे त्यांना काय ठाऊक? शिवाय तो खिशात मावत नाही. आबा रंकाळा तलावावर फिरायला जात असतील तर सदऱ्याला चिमट्यानं लागणारा छोटा प्लेअर घ्या, 8 जीबीचं कार्ड घाला आणि गाणी तुम्ही स्वतः भरा.

भरताना हात राखून भरा. 8 जीबीत साध्या दर्जाची जवळजवळ एकशे चाळीस तासांची गाणी मावतात, म्हणजे 90 मिनिटांच्या नव्वदेक कॅसेटी. एवढ्यातून हवं ते शोधणं नजर अधू असलेल्या माणसाला शक्य नाही. दीडशे गाणी पुरेत. चार-पाच फोल्डर करा आणि प्रत्येक फोल्डरची पहिली फाइल तुमच्या आवाजात रेकॉर्ड करा : 'आबा, हे सकाळचे अभंग.' 'आबा, ही नाट्यगीतं.' मोबाइलवर रेकॉर्ड करून ती फाइल कार्डात टाकली की झालं. पडदा वाचायचं कामच उरत नाही. 2009 साली ॲपलनं पडदा नसलेला आयपॉड शफल काढला, तो गाण्याचं नाव बोलून सांगायचा. तुम्ही तेच फुकटात करताय, तेही आबांच्या ओळखीच्या आवाजात.

प्रश्न : कार्डात गाणी क्रमानं भरली तरी प्लेअर भलत्याच क्रमानं वाजवतो. काकडआरती आधी आणि भैरवी शेवटी यायला हवी, ते उलटसुलट होतं. – कागल

उत्तर : संगणक तुम्हाला फायली नावाच्या क्रमानं लावून दाखवतो. साधा प्लेअर एवढी तसदी घेत नाही. कार्डाच्या यादीत ज्या क्रमानं नोंद झाली, त्या क्रमानं वाजवतो. म्हणून फायलींच्या नावापुढं 001, 002 असे आकडे घाला (नुसते 1, 2 घातले तर काही यंत्रं 1 नंतर 10 घेतात). मग कार्ड पूर्ण रिकामं करून फॉरमॅट करा आणि फायली त्याच क्रमानं एकेक करून टाका. फॉरमॅट करताना एफएटी-32 निवडा. कार्ड 32 जीबीपर्यंतचंच घ्या. त्यापुढची कार्डं वेगळ्या पद्धतीनं फॉरमॅट होऊन येतात आणि बरेच स्वस्त प्लेअर ती वाचत नाहीत. कार्ड खराब समजून लोक परत करायला जातात, कार्ड चांगलंच असतं.

प्रश्न : ब्लूटूथचे इअरफोन लावले की प्लेअरवरचा एफएम रेडिओ लागत नाही. – उचगाव

उत्तर : एफएमला अँटेना लागते आणि छोट्या प्लेअरमध्ये इअरफोनची वायर हीच अँटेना असते. जॅकमध्ये कुठलाही वायरचा इअरफोन खोचून ठेवा, स्टेशन लागेल.

प्रश्न : मी विद्यापीठात शिकतो. मामांच्या कपाटात जुना वॉकमन सापडला. नुसती कॅसेट वाजवणाऱ्या या ठोकळ्यासाठी लोक एवढे का वेडे झाले होते? आणि तिथून मोबाइलपर्यंत मध्ये काय काय झालं? – एक विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात वॉकमनपासून होत नाही, कॅसेटपासून होते. फिलिप्स कंपनीनं 1963 साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ती मांडली. ती बनवणाऱ्या चमूचे प्रमुख होते लू ऑटेन्स नावाचे डच इंजिनिअर. यंत्र केवढं असावं हे ठरवायला त्यांनी कोटाच्या खिशात बसेल असा लाकडाचा ठोकळा कापून घेतला होता. आधी खिसा, मग यंत्र. फीत फक्त 3.81 मिलिमीटर रुंद आणि ती सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकते. एवढ्याशा फितीवर स्टीरिओचे चार पट्टे असतात, दोन या बाजूचे आणि दोन त्या बाजूचे. 90 मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे 130 मीटर फीत असते.

पुढची सोळा वर्षं कॅसेट वाजवायला टेपरेकॉर्डर लागायचा. त्यात रेकॉर्डिंगही असायचं आणि स्पीकरही. सोनीचे संस्थापक मासारू इबुका यांना विमानाच्या लांबच्या प्रवासात गाणं ऐकायचं होतं. कंपनीकडे बातमीदारांसाठीचा 'प्रेसमन' नावाचा छोटा रेकॉर्डर होता. त्याचं रेकॉर्डिंग काढलं, स्पीकर काढला आणि स्टीरिओ आवाज घातला. जो टेपरेकॉर्डर रेकॉर्डच करत नाही तो कोण घेणार, असं कंपनीतल्याच लोकांना वाटत होतं. दुसरे संस्थापक अकिओ मोरिता हटले नाहीत. 1 जुलै 1979 ला जपानमध्ये पहिला वॉकमन विक्रीला आला, मॉडेल टीपीएस-एल2, किंमत 33 हजार येन. निळ्या-चंदेरी रंगाचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. त्याला हेडफोनचे जॅक दोन होते, दोघांनी मिळून ऐकावं म्हणून. वर एक नारिंगी बटणही होतं. ते दाबलं की गाण्याचा आवाज कमी होऊन छोट्या माइकमधून शेजारच्याचं बोलणं कानात यायचं. एकट्यानं कानात गाणं घालून बसणं लोकांना उद्धटपणाचं वाटेल, अशी मोरितांना काळजी होती. पुढच्या मॉडेलांत ते बटण राहिलं नाही.

यातली अर्धी करामत हेडफोनची होती, हे फारसं कुणी सांगत नाही. त्याआधीचे हेडफोन कान झाकून टाकणारे, डोक्याला जड व्हायचे. वॉकमनबरोबर आलेला पन्नास ग्रॅमच्या आसपास होता, कानावर नुसता टेकायचा. तो नसता तर वॉकमन घेऊन कुणी चाललं नसतं.

आता तुझा खरा प्रश्न, लोक का वेडे झाले. गल्लीत एखाद्याच घरी टेप असायचा आणि त्याच्या आवडीचं गाणं सगळी गल्ली ऐकायची. घरात टेप असला तरी लावायचं काय हे वडील ठरवायचे. वॉकमननं पहिल्यांदा गाणं एका माणसाचं केलं. गगनबावड्याच्या घाटात एसटीच्या खिडकीशी बसून, बाहेर पाऊस, कानात आपल्याला हवं ते गाणं, हे त्याआधी कुणालाच मिळालं नव्हतं. आपल्याकडे वॉकमन सुरुवातीला आखाती देशांतून आलेल्या पाहुण्यांच्या बॅगेतून आले. मग देशी आणि चायनाचे स्वस्त आले. सेल महाग पडायचे, म्हणून उतरलेले सेल पोरं गच्चीवर उन्हात ठेवायची, तासभर जास्त चालायचे. सेल उतरायला लागले की मोटर मंदावायची आणि गाणाऱ्याची पट्टी खाली यायची. कानावरूनच कळायचं, आता दहा मिनिटं राहिली.

पुढं यंत्र लहान होत गेलं. 1983 च्या डब्ल्यूएम-20 मॉडेलचा आकार कॅसेटच्या डबीएवढाच होता. असं यंत्र उघडलं की मी थोडा वेळ नुसता बघत बसायचो. गिअर, रोलर, बेल्ट, सगळं कॅसेटच्या भोवतीच्या उरलेल्या जागेत बसवलेलं.

1984 साली सोनीनंच खिशातला नसला तरी हातातला सीडी प्लेअर काढला, डी-50. आवाज स्वच्छ, पण चालताना लेझर उडायचा. नंतर पुढचे काही सेकंद आधीच वाचून मेमरीत ठेवायची युक्ती आली, तेव्हा थोडं सुधारलं. आपल्या रस्त्यांवर तेही कमीच पडायचं. 1992 ची मिनीडिस्क आपल्याकडे जवळजवळ कुणाला माहीत नाही, म्हणून तिच्यावर थांबत नाही.

मोठी उडी एमपीथ्रीची. सीडीवरचं गाणं मिनिटाला सुमारे 10 एमबी जागा घेतं. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानाचा एक गुण वापरला : मोठा सूर चालू असताना त्याच्या जवळचा बारीक सूर कानाला ऐकूच येत नाही. जे ऐकू येत नाही ते साठवायचं कशाला? तेवढं गाळलं की मिनिटाला 1 एमबीत भागतं. फायलीच्या शेपटीला एमपीथ्री हे नाव 1995 च्या जुलैत मिळालं.

1998 साली कोरियाच्या सेहान कंपनीनं एमपीमॅन काढला आणि त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड कंपनीचा रिओ आला. मेमरी 32 एमबी, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. 60 मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूएवढीच. रिओवर अमेरिकेतल्या संगीत कंपन्यांच्या संघटनेनं खटला भरला. 1999 मध्ये अपील न्यायालयानं निकाल प्लेअर बनवणाऱ्याच्या बाजूनं दिला. संगणकात आधीच असलेली आपली गाणी स्वतःच्या ऐकण्यासाठी दुसऱ्या यंत्रात नेणं यात गैर नाही, असं कोर्टानं मानलं. तो निकाल उलटा लागला असता तर पुढचं बरंच काही घडलं नसतं.

23 ऑक्टोबर 2001 ला आयपॉड आला. तोशिबाची 1.8 इंची हार्डडिस्क, 5 जीबी, हजार गाणी. लोक हजार गाण्यांचं कौतुक करतात. माझ्या मते खरी कमाल त्या चाकाची होती. हजार गाण्यांतून एक शोधायला पुढं-पुढं बटण दाबत बसलास तर हात दुखेल. अंगठ्यानं चाक फिरवलं की यादी सरसर पळते, हळू फिरवलं की हळू. अंगठ्याला ते बघावं लागत नाही. 2005 मध्ये नॅनो आला, त्यात हार्डडिस्क नव्हती, फ्लॅश मेमरी होती. आत हलणारा एकही भाग उरला नाही. पडला, आपटला तरी चालू. तिथून आमचा धंदाही बदलला. बेल्ट, रोलर, फीत वाचणारं हेड गेले, बॅटरी आणि चार्जिंगचं भोक राहिलं.

आपल्याकडे आयपॉड थोड्यांनी घेतला. कोल्हापुरात घराघरात पोचला तो काडेपेटीएवढा चायना एमपीथ्री आणि त्याच्याबरोबर मोबाइलच्या दुकानात कार्डात गाणी भरून द्यायचा धंदा. पुढं मोबाइलनं सगळंच पोटात घेतलं. सोनीनं जपानमधलं कॅसेट वॉकमनचं उत्पादन 2010 मध्ये थांबवलं. शेवटचा आयपॉड मे 2022 मध्ये बंद झाला. तरी छोटे प्लेअर संपलेले नाहीत. एका टोकाला व्यायाम करणाऱ्यांचे चिमट्याचे, दुसऱ्या टोकाला आवाजाच्या दर्जासाठी हजारो रुपये मोजणाऱ्यांचे, असे दोन्ही मिळतात.

मामांच्या वॉकमनमध्ये सेल राहिले असतील तर आधी काढ. फुटून पत्र्यावर पांढरं-हिरवं आलं असेल तर व्हिनेगरमध्ये कापूस बुडवून पुस, मग कोरडं कर. मोटरचा आवाज येतो पण चाक फिरत नाही, असं झालं तर बेल्ट सैल झालाय किंवा विरघळून काळ्या डिंकासारखा झालाय. त्याला हात लावू नकोस, कपड्याचा डाग जात नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करून त्याच मापाचा नवा बेल्ट घालावा लागतो. चालू झाला की मामांना दाखव.

प्रश्न : मी यंत्रमागावर काम करतो. खात्यात (मागाच्या कारखान्यात) आवाज इतका की इअरफोनवर गाणं पूर्ण आवाजात लावतो. रात्री कानात शिट्टीसारखं वाजतं. आवाज बंद करणारे, नॉइज कॅन्सलेशनचे इअरफोन घेऊ का? – इचलकरंजी

उत्तर : भाऊ, आज रात्रीपासून खात्यात गाणं बंद करा. आधी हे करा, मग पुढचं वाचा.

कानाचा हिशोब सरळ आहे. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, याच्या पुढं धोका सुरू होतो. आवाज तीन डेसिबलनं वाढला की वेळ निम्मा होतो : 88 ला चार तास, 91 ला दोन. साध्या शटलच्या मागांचा आवाज नव्वदीच्या वर असतो. म्हणजे काही न लावताच तुमच्या कानाचा वाटा पहिल्या दोन तासांत संपतो. त्यावर गाणं ऐकू यावं म्हणून तुम्ही ते खात्याच्या आवाजाहून मोठं करता. शिट्टी वाजते ती कान सांगतोय म्हणून वाजते.

नॉइज कॅन्सलेशन एकसारख्या घुमणाऱ्या खालच्या आवाजावर चांगलं चालतं, बसच्या इंजिनावर, पंख्यावर. धोट्याचा (शटलचा) खटखट ठोका अचानक येतो आणि जातो, तो त्यातून बराच आत येतो. शिवाय कुणी हाक मारली, धागा अडकला, तर कळायला हवं. तेव्हा औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे घ्या. बोटांत वळून बारीक करा, कानाचा वरचा भाग दुसऱ्या हातानं वर ओढून आत सारा आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. तसेच वरवर खोचले तर उपयोग नाही. शिट्टी थांबत नसेल तर कानाच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या, टाळू नका. सुटी झाल्यावर, शांत जागी, प्लेअरचा आवाज निम्म्याच्या आसपास ठेवून हवं तेवढं ऐका.

प्रश्न : मी ख्याल शिकते. गुरुजी म्हणतात, एमपीथ्रीवर ऐकून कान तयार होत नाही. फ्लॅकच हवं. खरंच एवढा फरक पडतो? – एक विद्यार्थिनी, मंगळवार पेठ

उत्तर : ख्यालगायक अल्लादिया खाँसाहेबांनी ज्या गावात वर्षानुवर्षं गायलं, शिकवलं, त्या गावात हा प्रश्न कुणीतरी विचारतंय याचा आनंद आहे.

गुरुजींचं म्हणणं निम्मं खरं आहे. 128 किलोबिटच्या (गाण्याच्या एका सेकंदाला किती माहिती साठवली त्याचं हे माप, आकडा मोठा तितका दर्जा चांगला) एमपीथ्रीत साधारण 16 किलोहर्ट्झच्या वरचा आवाज कापला जातो, शिवाय दाट आवाजातले बारीक तुकडे गाळले जातात. फरक ऐकायचा असेल तर गळ्याकडे लक्ष देऊ नका, तंबोऱ्याकडे द्या. जवारीतून, म्हणजे घोडीला घासून वाजणाऱ्या तारेतून, निघणारे वरचे सूर हलतात, पाण्यावर तेल पसरावं तसे रंग बदलतात. कमी दर्जाच्या फायलीत ते हलणं खरबरीत होतं. 320 किलोबिटची फाइल असेल तर मात्र मला, आणि माझ्या मते बहुतेकांना, फरक ओळखू येत नाही. फ्लॅक 2001 पासून आहे. त्यात काहीच गाळलं जात नाही, फक्त घडी घालून ठेवलं जातं, जागा सीडीच्या निम्म्याच्या आसपास लागते. ऐकायला 320 चालेल. जपून ठेवायला फ्लॅक, कारण त्यातून पुढं हव्या त्या फायली काढता येतात. एकदा गाळलेलं परत येत नाही. 128 ची फाइल फ्लॅकमध्ये बदलून विकणारे, वाटणारे आहेत, त्यात नुसती जागा जाते.

तुमच्यासाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. विलंबित संपून द्रुत सुरू होतो तिथं ट्रॅक बदलतो. एमपीथ्री बनताना फायलीच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते. साधा प्लेअर तिथं क्षणभर अडखळतो आणि समेवर यायच्या वेळी ठेका तुटतो. घेताना 'गॅपलेस' आहे का, हे विचारा आणि दुकानात लावून बघा. मागं-पुढं करायचं बटण दाबून धरल्यावर तो सेकंदा-सेकंदानं सरकतो की दहा-दहा सेकंद उड्या मारतो, हेही बघा. एक तान वीसदा ऐकायची असेल तर हेच उपयोगी पडतं.

प्रश्न : भावानं दिलेला आयपॉड क्लासिक पाच-सहा वर्षं ड्रॉवरमध्ये होता. आता मागचा पत्रा फुगलाय. चार्ज करून बघू का? – गडहिंग्लज

उत्तर : अजिबात नको. बॅटरी फुगली आहे. चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका, उन्हात ठेवू नका. जाणत्या माणसाकडून उघडून बॅटरी काढून घ्या आणि ती कचऱ्याच्या गाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. नवी बॅटरी बसते. हार्डडिस्क गेली असेल तर तिच्या जागी अडॅप्टर लावून मेमरी कार्डही बसवता येतं, मग यंत्र हलकं होतं आणि चार्जिंगही जास्त पुरतं. पुढं कुठलाही प्लेअर ठेवून द्यायचा असेल तर निम्मा चार्ज करून ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी परत निम्म्यावर आणा.

प्रश्न : 2019 च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. वडील भजनी मंडळात गायचे, त्यांच्या भजनांच्या आणि सांगली आकाशवाणीवरून टेप केलेल्या कॅसेटी ट्रंकेत होत्या. पाणी ओसरल्यावर वाळवून ठेवल्या. वडील आता नाहीत. या कॅसेटी वाजतील का? वाजल्या तर छोट्या प्लेअरमध्ये घेता येतील का? – कुरुंदवाड

उत्तर : आशा सोडू नका. फितीवरचा आवाज चुंबकाचा असतो, पाण्यानं तो पुसला जात नाही. फीत प्लॅस्टिकची असते, तीही पाण्यात विरघळत नाही. नुकसान करतो तो गाळ. कृष्णा-पंचगंगेचा तो मऊ गाळ वाळला की पॉलिश पेपरसारखा होतो. म्हणून पहिली गोष्ट, एकही कॅसेट टेपमध्ये घालून 'बघूया तरी' म्हणून लावू नका. एकदा लावली की फीतही खरवडते आणि टेपचं हेडही.

काम अंगणात करा, तोंडाला मास्क लावा, कारण पांढरी बुरशी असते. आधी एक कमी मोलाची कॅसेट घ्या, रेडिओवरून टेप केलेल्यांपैकी. वडिलांची शेवटी. चार-पाच बारीक स्क्रू असतील तर कॅसेट आडवी ठेवून ते काढा आणि वरचं झाकण सरळ उचला. तिरकं उचललंत तर चकत्या निसटतात आणि शंभर मीटर फीत मांडीवर येते. स्क्रू नसलेल्या, चिकटवलेल्या कॅसेटी सांध्यात पातळ पातं घालून उघडाव्या लागतात, त्याला सराव लागतो.

आत बघा. फितीच्या चकतीच्या कडेवर नुसती धूळ, गाळ असेल तर मऊ कोरड्या ब्रशनं झटका. मग दोन्ही चकत्या तशाच उचलून चांगल्या, स्क्रूवाल्या रिकाम्या कॅसेटच्या खोक्यात बसवा. फीत ज्या रोलरवरून जात होती, त्याच मार्गानं घाला. जुनं खोकं वापरू नका. त्यात फितीला हेडवर दाबणारी नमद्याची छोटी गादी असते, तिची पट्टी पुराच्या पाण्यानं गंजलेली असणार. मग पेन घालून हातानं फीत शेवटपर्यंत हळू फिरवा आणि परत मागं आणा. अडखळली, एकमेकींना चिकटून आली, तर थांबा. ओढू नका, केस वाळवायचं यंत्र लावू नका. ती कॅसेट कागदात गुंडाळून वेगळी ठेवा आणि जुन्या फितींचं काम करणाऱ्याकडेच द्या. ओढली तर तपकिरी थर निघून येतो, मग कुणाच्याच हातात काही राहत नाही.

फीत सुटी फिरली की वाजवायला चांगला डेक घ्या. वॉकमन चालेल, पण बेल्ट नवा हवा, हेड आणि रोलर साफ हवेत. प्रत्येक कॅसेटनंतर परत पुसा, बोळा तपकिरी निघेल. हेडफोनच्या जॅकमधून वायर संगणकाच्या लाइन-इनला जोडा आणि ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लावा. 90 मिनिटांच्या कॅसेटला 90 मिनिटंच लागतात, घाईचा रस्ता नाही. रेकॉर्डिंगचा काटा सगळ्यात मोठ्या आवाजालाही लाल रेघेला लागू देऊ नका. झांजा सुरू झाल्या की तो उडतो, म्हणून आधी गजराची जागा लावून आवाज ठरवा. आवाज दबका, घोंगडीतून आल्यासारखा वाटला तर हेडशेजारचा छोटा स्क्रू किंचित फिरवला की झांजा उघडतात. मूळ रेकॉर्डिंग ज्या टेपवर झालं त्याचं हेड थोडं तिरकं असेल, तर ते या डेकशी जुळवून घ्यावं लागतं. हे कानानं करायचं काम आहे, जमत नसेल तर दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या.

मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवा, तिला काहीही 'साफ' करू नका. फितीची सरसर काढायच्या नादात लोक माणसाचा श्वासही काढून टाकतात. ऐकण्यासाठी त्यातून एमपीथ्री करा. 128 किलोबिटला एका कॅसेटला 90 एमबीही लागत नाहीत, म्हणजे ट्रंकभर कॅसेटी सदऱ्याला लावायच्या प्लेअरमध्ये येतील. फायलीच्या नावात गाव, साल, प्रसंग, पखवाजावर कोण, पेटीवर कोण, हे सगळं लिहा. मंडळातली जुनी माणसं असतील त्यांना प्लेअर लावून द्या, ती पहिल्या ओळीवरून नावं सांगतील. कॅसेटी वाजल्या तरी टाकू नका. फायलींच्या दोन प्रती करा, एक घरात आणि एक पुराचं पाणी पोचत नाही अशा पाहुण्यांकडे. पेनड्राइव्हवर भरवसा ठेवू नका, हार्डडिस्क घ्या आणि वर्षातून एकदा लावून बघा.